दारू, गाडी आणि घड्याळ : मोजलंच नाही, तर शिक्षा कुणाला?

मद्यपी चालकांना कडक शिक्षा व्हावी, असं आपण प्रत्येक मोठ्या अपघातानंतर म्हणतो. पण शिक्षेआधी पुरावा लागतो, आणि हा पुरावा दर तासाला रक्तातून कमी होत जातो. कायदा काय म्हणतो, यंत्र काय मोजतं आणि अल्पवयीनांच्या बाबतीत नेमकं कुठे चुकतंय, हे समजून घेऊया.

रात्री अडीचच्या सुमारास अपघात. सकाळी अकराच्या सुमारास रक्ताचा नमुना. मधले साडेआठ तास लक्षात ठेवा.

१९ मे २०२४. पुण्यातला कल्याणीनगर परिसर. भरधाव पोर्शे कारने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे दोघंही मूळचे मध्य प्रदेशातले तरुण इंजिनीअर, दोघांचाही जीव गेला. कार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं. बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन दिला आणि त्यातल्या एका अटीने देश पेटला : अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहा.

त्या आठवड्यात आमच्या डिजिटल डेस्कवर सगळ्यात जास्त वाचल्या गेल्या त्या निबंधाच्याच बातम्या. मीम्स आले, रील्स आल्या. त्या निबंधावर आपण सगळ्यांनी मिळून हजारो शब्द खर्च केले. अपघात आणि रक्ततपासणी यांच्यामधल्या वेळेवर मात्र फारसं कुणी बोललं नाही. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला, डॉक्टरांना अटक झाली आणि सगळी चर्चा त्या अदलाबदलीकडे वळली. आरोप गंभीर आहे, त्याचा निकाल न्यायालय देईल. माझं म्हणणं त्याच्या एक पायरी आधीचं आहे. नमुना कुणी बदलला नाही, तरी घड्याळ त्याचं काम करतच असतं.

एक बाटली बिअर म्हणजे नेमकी किती?

आधी थोडं गणित करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर वाहन चालवणं गुन्हा आहे.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे ३० मिलीलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने सुमारे २० मिलिग्रॅमची भर पडते. दोन छोटे पेग घेतले की मर्यादा ओलांडली.

आता बिअर. ‘बिअरच तर घेतली’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ६५० मिलीलिटरची स्ट्राँग बिअरची बाटली आठ टक्क्यांची असेल, तर तिच्यात सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे एका बाटलीत चार छोटे पेग. तीच व्यक्ती ती बाटली थोड्या वेळात संपवून उठली, तर रक्तातलं प्रमाण ८० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. कायद्याच्या मर्यादेच्या अडीच पट, आणि तेही ‘फक्त बिअर’ पिऊन. वजन कमी असेल किंवा पोट रिकामं असेल, तर आकडा आणखी वर जातो.

शरीर हे अल्कोहोल तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने कमी करतं. हे काम मुख्यतः यकृत करतं आणि त्याला घाई करता येत नाही. ब्लॅक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, उलटी या उपायांनी माणूस जागा होईल, तरतरीतही वाटेल. रक्तातला आकडा मात्र आपल्या गतीनेच उतरतो.

फुंकायला सांगतात ते यंत्र काय मोजतं?

नाकाबंदीवर पोलीस ज्यात फुंकायला सांगतात त्या ब्रीद अ‍ॅनालायझरच्या आत साधारणपणे एक छोटा फ्युएल सेल असतो. श्वासातलं अल्कोहोल त्याच्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर पोचलं की रासायनिक क्रिया होते आणि बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. अल्कोहोल जास्त, तर प्रवाह जास्त. एक मिलीलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, तेवढंच सुमारे २१०० मिलीलिटर श्वासात असतं, असं गृहीत धरून यंत्र रक्तातला अंदाज पडद्यावर दाखवतं.

म्हणून वेलची, बडीशेप, पान, कांदा यांचा उपयोग नसतो. ते वास झाकतात, यंत्राला वासाशी देणंघेणं नाही. एक अडचण मात्र खरी आहे. नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडात उरलेल्या अंशामुळे आकडा फुगतो. त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा चाचणी घेणं योग्य. यंत्राचं ठरावीक काळाने कॅलिब्रेशन होणंही गरजेचं आहे.

साडेआठ तासांत काय होतं?

आता सुरुवातीच्या घड्याळाकडे येऊ. समजा, एखाद्या चालकाच्या रक्तात रात्री अडीच वाजता १२० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे, म्हणजे मर्यादेच्या चौपट. तासाला १५ मिलिग्रॅम धरले, तर साडेआठ तासांत १२७ मिलिग्रॅम कमी होतात. सकाळी अकरा वाजता त्याच माणसाचं रक्त जवळपास कोरं निघू शकतं. लाच नको, ओळख नको, नमुना बदलणं नको. फक्त उशीर पुरेसा आहे.

मागे जाऊन आकडेमोड करता येते, पण त्यात वजन, पोट, यकृत, पिण्याची वेळ अशी अनेक गृहीतकं असतात. न्यायालयात बचावाचा चांगला वकील ती एकेक करून उसवतो. जागेवर घेतलेल्या श्वासाच्या चाचणीत अशी उसवायला जागा फार कमी राहते.

वरळीचं प्रकरणही आठवा. ७ जुलै २०२४ च्या पहाटे बीएमडब्ल्यूने दुचाकीवरच्या दाम्पत्याला धडक दिली, महिलेला फरफटत नेलं, तिचा मृत्यू झाला. आरोपी पळाला आणि ९ जुलैला पकडला गेला. दोन दिवसांनी रक्तात काय सापडणार?

इथे आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात वाईट गोष्ट दिसते. प्यायलेल्या चालकाने थांबून जखमीला दवाखान्यात नेलं, तर तो चाचणीत सापडतो. पळाला, तर सुटण्याची शक्यता वाढते. भारतीय न्याय संहितेत पळून जाणाऱ्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद कलम १०६(२) मध्ये आहे. जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते कलम थांबवलं गेलं आणि १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली, तेव्हाही ते बाजूलाच राहिलं.

कायदा मऊ आहे का?

कागदावर तरी नाही.

• पहिल्यांदा पकडलं गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• पुन्हा पकडलं गेल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• हे ई-चलन भरून मिटत नाही, न्यायालयात जावं लागतं.
• अटक झाल्यावर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्या अटकेतून सोडावं लागतं (कलम २०२).
• सबळ कारणाशिवाय चाचणीला नकार दिला, तर तो नकार चालकाच्या विरोधात धरला जाऊ शकतो (कलम २०५).

दंडाची ही वाढ २०१९ च्या दुरुस्तीने आली. त्याच दुरुस्तीने श्वासाच्या चाचणीबरोबर प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आकडाही ग्राह्य धरला. म्हणजे कायदे करणाऱ्यांनी आपलं काम बऱ्यापैकी केलं आहे.

अडतं ते एका शब्दावर. अपघातात सापडलेल्या चालकाबद्दल संशय असेल, तर पोलीस अधिकारी श्वासाची चाचणी ‘घेऊ शकतो’, असं कलम २०३ म्हणतं. ‘घेतलीच पाहिजे’ असं म्हणत नाही. रात्री अडीचला रस्त्यावर जमाव आहे, जखमी पडलेत, वरून फोन सुरू झालेत. त्या क्षणी चाचणी ऐच्छिक असेल, तर ती कुणाची होईल आणि कुणाची राहून जाईल, हे सांगायला अनुभवी पत्रकार लागत नाही.

आकडे कमी का दिसतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतले ‘मद्यपान करून वाहन चालवणे’ या कारणाखाली नोंदलेले मृत्यू चार हजारांच्या आसपास, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. बहुतेक मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात जातात.

हा अडीच टक्क्यांचा आकडा मला पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्याकडेच आहे.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेलपासून सात-आठ किलोमीटरवर महामार्गालगत ढाबा होता. परीक्षा संपली त्या रात्री आम्ही दोघं मित्राच्या बाइकवर गेलो. स्ट्राँग बिअरच्या बाटल्या वाटेतल्या वाइन शॉपमधून घेतल्या. आम्ही एकोणीस वर्षांचे होतो आणि तसेच दिसत होतो. काउंटरवरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला : थंड हवी का? येताना मित्राला वळण दिसलं नाही. मी मागे होतो, खरचटण्यावर निभावलं. त्याच्या पायात आजही प्लेट आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्याच्या बाबांना फोनवर तेच सांगितलं. केसपेपरवर ‘गाडी घसरून पडला’ असं लिहिलं गेलं. कुणी श्वास तपासला नाही, कुणी रक्त घेतलं नाही. पोलिसांकडे तर काही गेलंच नाही. म्हणजे देशाच्या त्या वर्षीच्या आकडेवारीत आमचा अपघात नाही. असे किती ‘कुत्रं आडवं आलं’ असतील?

पोर्शे आणि बीएमडब्ल्यूच्या बातम्या होतात, पण आपल्याकडची दारू पिऊन गाडी चालवण्याची गोष्ट मुख्यतः ढाबा ते गाव, बार ते रूम आणि हळदीच्या मांडवातून घरी जाणाऱ्या दुचाकीची आहे. तिथे पापाराझी नसतात आणि बहुतेक वेळा ब्रीद अ‍ॅनालायझरही नसतो.

सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ मानायचं का?

पुण्याच्या घटनेनंतर ही मागणी जोरात झाली. पोलिसांनीही तसा अर्ज केला. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने तो फेटाळला.

बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा, तर गुन्हा ‘अतिगंभीर’ म्हणजे किमान सात वर्षांच्या शिक्षेचा असावा लागतो. सदोष मनुष्यवधाच्या कलमात कमाल शिक्षा मोठी आहे, पण अशी किमान शिक्षा नाही. असे गुन्हे त्या गटात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच स्पष्ट केलं होतं. ते प्रकरण होतं २०१६ चं दिल्लीतलं, एका अल्पवयीन मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडल्याचं.

राग मलाही येतो. पण मुलाला प्रौढ ठरवण्याच्या नादात आपण खऱ्या प्रौढांना विसरतो. कारची किल्ली कुणी दिली? ग्लास कुणी भरला? पुण्यात एका पबमधलं बिलच ४८ हजारांचं झाल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. एवढ्या रकमेचं बिल देणाऱ्या टेबलावर कुणाचं लक्ष नव्हतं, हे पटत नाही.

या प्रौढांसाठी कलमं आहेत, आणि ती चांगलीच कडक आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७७ म्हणतं, मुलाला मद्य देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ म्हणतं, अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालक दोषी मानला जाईल : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पालकाला सिद्ध करावं लागतं.

मग क्लासच्या बाहेर सोळा वर्षांच्या मुलांच्या स्कूटरची रांग लागते, ती कशी? सोळाव्या वर्षी चालवायला परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या गाडीला. रांगेतल्या स्कूटर बहुतेक ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. किल्ली देण्याची सवय तिथे लागते. स्कूटर दिली, अंगवळणी पडलं, मग एका रात्री कार दिली. पैशांचा फरक आहे, सवय तीच आहे.

पंचवीसचा नियम कुणासाठी?

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. शिवाय पिण्यासाठी परवाना लागतो, अगदी एक दिवसाचासुद्धा. आपल्यापैकी कितीजणांनी तो कधी पाहिलाय?

वरळी प्रकरणात आरोपी पंचविशीच्या आतला असूनही त्याला जुहूच्या बारमध्ये हार्ड लिकर दिल्याचं उत्पादन शुल्क विभागाने म्हटलं आणि बारवर कारवाई केली. नियम मोडला, हे खरं. पण प्रामाणिकपणे सांगा, लग्न करून, नोकरीला लागून, मतदान करून बसलेल्या चोवीस वर्षांच्या माणसाला व्हिस्की नाकारताना तुम्ही एखादा बार पाहिलाय? जो नियम रोज, सगळ्यांसमोर मोडला जातो, तो वेटरला एकच गोष्ट शिकवतो : वय विचारायचं नसतं. मग चोवीसचा आणि सतराचा दोघंही त्याच दारातून आत येतात.

माझं मत असं, की सगळ्या मद्यासाठी २१ ही एकच मर्यादा ठेवावी आणि ती काटेकोर पाळावी. यावर आक्षेप येईल, वय कमी केलं की पिणं वाढेल. आक्षेप दखल घेण्यासारखा आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात अनेक राज्यांनी वय १८ वर आणलं, तरुणांचे अपघात वाढले आणि १९८४ च्या कायद्याने देशभर २१ चा आग्रह धरावा लागला. म्हणूनच मी २१ च्या खाली जायला तयार नाही. पण २५ हे आज कुणालाच अडवत नसेल, तर खरोखर अडवणारं २१ जास्त उपयोगाचं.

एक अवघड बाब मात्र कबूल करायला हवी. वय तपासणं ज्या उत्पादन शुल्क विभागाचं काम, तोच विभाग राज्याला महसूलही मिळवून देतो. जून २०२५ मध्ये मद्यावरचं शुल्क वाढवताना सरकारने वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा महसुलाचं लक्ष्य ठेवलं. विक्री वाढावी आणि गिऱ्हाईक परत पाठवलं जावं, या दोन्ही अपेक्षा एकाच खात्याकडून ठेवल्या की कोणती मागे पडते, ते दिसतंच आहे. वय तपासणीचं काम पोलीस किंवा महापालिकेसारख्या दुसऱ्या यंत्रणेकडेही असायला हवं.

मग करायचं काय?

नवा कडक कायदा मागण्याआधी चार साध्या गोष्टी मागूया.

पहिली, ‘शकतो’ ऐवजी ‘च’. मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या प्रत्येक अपघातात चालकाची श्वासाची चाचणी जागेवर, कॅमेऱ्यासमोर, वेळेच्या नोंदीसह झालीच पाहिजे. जखमी चालकाची रुग्णालयात, डॉक्टरांच्या संमतीने. झाली नाही, तर का नाही, याचं लेखी कारण अधिकाऱ्याने द्यावं.

दुसरी, रक्ताचे दोन नमुने. दोन तासांच्या आत घेतलेले, बारकोड लावलेले, दोन वेगवेगळ्या ताब्यांत ठेवलेले. एकात गडबड झाली, तर दुसरा बोलेल.

तिसरी, नाकाबंदीचा अंदाज येता कामा नये. आपल्याकडे ती थर्टीफर्स्ट, होळी, गटारीला जोरात असते, एरवी ठरलेल्या चौकात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पुलाखाली उभे आहेत’ असा मेसेज फिरतो आणि लोक गल्ली बदलतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने डिसेंबर १९८२ मध्ये कुठल्याही चालकाला, संशय नसतानाही, कुठेही थांबवून फुंकायला लावायला सुरुवात केली. रस्त्यांवरचे मृत्यू ठळकपणे घटले. शिक्षा किती, यापेक्षा आज रात्री आपण सापडू, ही भीती जास्त काम करते.

चौथी, नवख्या चालकांसाठी वेगळी मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना तरुण आणि नवशिक्या चालकांसाठी २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवते. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ३० आहे. परवाना मिळाल्यापासून पहिली काही वर्षं ती शून्याच्या जवळ आणावी.

आणि घरातलं काय? पालकांना एकच सुचवतो. मुलाला आजच सांगून ठेवा, की रात्री कितीही वाजता, कुठल्याही अवस्थेत फोन केलास तर मी न्यायला येईन, त्या रात्री ओरडणार नाही, बोलणं दुसऱ्या दिवशी होईल. पिण्याला ही परवानगी नाही. पण मुलाकडे गाडी न चालवता घरी यायचा एक मार्ग राहतो. आम्हा दोघांपैकी कुणाच्याही घरी असा फोन करता येईल, असं त्या रात्री आम्हाला वाटलं नव्हतं. म्हणून आम्ही बाइकला किक मारली.

कुत्र्याची ती गोष्ट मित्राच्या बाबांना आजही खरी वाटते. हा लेख ते वाचतील. काका, त्या रात्री रस्त्यावर कुत्रं नव्हतं.